सेठचा श्रावण

आमच्या बिल्डिंगमध्ये सोमवार, गुरुवार आणि शनिवार हे तिन्ही वार कडक पाळणारी दोनच माणसं होती. एक तिसऱ्या मजल्यावरच्या सगुणाकाकी मढवी आणि दुसरा त्यांचा बोका. बोक्याला माणसांत का धरलं, असं कुणी विचारू नये. काकींसमोर विचारून बघा आणि मग पुन्हा कधी त्यांच्या घरून मांदेलीच्या कालवणाची वाटी येते का तेही बघा.

बोक्याचं नाव सेठ. काकींचा मुलगा विनीत उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्तर आहे. तिथे मालकाच्या गादीवर एक पांढरं-पिवळं पिल्लू रोज येऊन बसायचं आणि मालक आल्यावरही उठायचं नाही. एके दिवशी मालक वैतागला आणि विनीतनं ते पिल्लू पँटच्या खोक्यात घालून आमच्या बदलापूरला, मांजर्लीत आणलं. काकी त्याला लाडात असल्या की सेठ म्हणतात आणि रागावल्या की साईं. हा शब्द त्यांनी जुन्या काळात कमावलेला आहे. माहेर जांभूळ गावचं, घरची शेती. लग्नाआधी आणि नंतरही कितीतरी वर्षं त्या भेंडी, पडवळ, वालाच्या शेंगा डोक्यावर घेऊन उल्हासनगरच्या गल्ल्यांत विकायच्या. सिंधी बायकांशी भाव करता करता त्यांना सिंधीत भांडता येऊ लागलं. आजही रिक्षावाला जास्त मागायला लागला की काकी त्याला आधी साईं म्हणतात आणि पुढचं जे बोलतात ते आम्हाला कळत नाही, रिक्षावाल्यालाही कळत नाही, पण तो ऐकतो.

वारांचं कारण मात्र हसण्यासारखं नाही. विनीतच्या आधी काकींची दोन मुलं गेली. तिसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा त्या चालत अंबरनाथच्या शिवमंदिरात गेल्या आणि बोलल्या की हे पोर जगलं तर तीन वार आणि अख्खा श्रावण पाळीन, घरात वशाट शिजणार नाही. पोर जगलं. आता त्याच्या डोक्यावर टक्कल पडायला लागलंय तरी काकींच्या मनातली भीती तेवढीच ताजी आहे. विनीतला साधी सर्दी झाली तरी त्या आठवून बघतात की गेल्या सोमवारी कुणी चुकून अंडं तर आणलं नाही ना.

तर घरात ज्याचं ताट, त्याला घरचा नेम. सून आली ओतूरची, उन्नती. तिच्या माहेरी वार बघून मटण खायची पद्धत नाही, भूक बघून खायची आहे. तीही या नेमात बसली. मग सेठ आला आणि तोही बसला. वाराच्या दिवशी सेठला दूध, दुसऱ्या दिवशी बोंबील. हे त्याला इतकं अंगवळणी पडलं की सोमवारी सकाळी तो ओट्याकडे न जाता सरळ दुधाच्या पातेल्याजवळ जाऊन बसायचा. काकी पाहुण्यांना बोलावून दाखवायच्या. ‘याला वार कलतो,’ म्हणायच्या आणि माझ्याकडे अशा बघायच्या की त्या एका नजरेत माझी बारावी, माझा डिप्लोमा आणि शनिवारी स्टेशनजवळ खाल्लेली कबाबची प्लेट, सगळं आलं.

फक्त सेठचं पोट नेमात बसत नव्हतं.

गेल्या दिवाळीपासून हे सुरू झालं. दोन दिवस बरा, एक दिवस वाईट. कधी ओकायचा, बहुतेक वेळा जुलाब. गॅलरीत त्याच्यासाठी पाटीत रेती ठेवलेली, ती रेती बदलता बदलता उन्नतीच्या नाकी नऊ आले. शेजारच्या गल्लीत चाललेल्या बांधकामावरची रेती ती पिशवीतून आणायची. एकदा तिथल्या मुकादमानं विचारलं, ‘वहिनी, घर बांधताय का?’ उन्नती म्हणाली, ‘नाही, बोका पाडतोय.’

आमच्या बिल्डिंगमध्ये दुखणं एकाचं असलं तरी औषध सगळ्यांचं असतं. तळमजल्यावरच्या बनूबाईंनी निदान केलं की दृष्ट लागली. बोका असा दाखवत सुटलं की काय होणार, हेही वर ऐकवलं. बनूबाई आणि काकींचं नातं सांगायचं तर दोघी एकमेकींशिवाय राहू शकत नाहीत आणि एकमेकींबरोबरही राहू शकत नाहीत. पूर आला की बनूबाई गॅस, गाद्या आणि देव घेऊन काकींकडे राहायला येतात, आणि पाणी उतरलं की पुढचा पूर येईपर्यंत काकींचे दोष सांगतात. तर दृष्ट काढली. जायफळ उगाळून दिलं, ते सेठनं माझ्या शर्टावर परत दिलं. माझं मत होतं जंत. विनीतचं मत होतं की हवामान. उन्नती मोबाईलवर वाचायची आणि दर वेळी काहीतरी असं सांगायची की काकी रडायला बसायच्या.

शेवटी अंबरनाथला डॉक्टर कीर्तींकडे न्यायचं ठरलं. भाजीच्या झाकणाच्या टोपलीत सेठ, टोपली मांडीवर घेतलेल्या काकी मागे आणि पुढे स्कूटरवर मी, अशी आमची वरात तिथे पहिल्यांदा गेली तेव्हा थंडी होती. डॉक्टर कीर्ती वयानं माझ्याएवढ्याच असतील, पण त्यांच्यासमोर कुत्रीसुद्धा ओळीत बसतात. त्यांनी जंताचं औषध दिलं, तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या. गोळी बोंबलाच्या पोटात लपवायची कला काकींना लगेच साधली. सेठ आठवडाभर सुधारल्यासारखा वाटायचा आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. असं करत करत आषाढ आला. सेठच्या पाठीचा मणका हाताला लागायला लागला. पूर्वी तो दारातून आत आला की आधी पोट यायचं आणि मग सेठ. आता तो भिंतीला धरून चालायचा आणि काकी त्याच्यामागून हात पुढे करून चालायच्या, जसं काही बाळ पहिली पावलं टाकतंय.

आषाढातल्या त्या खेपेला डॉक्टरांनी त्याला वजनकाट्यावर ठेवलं आणि जुन्या कागदावरचं वजन काढून बघितलं. मग काकींना म्हणाल्या, ‘काकू, परत पहिल्यापासून सांगा. हा काय काय खातो?’

‘जे आमी खातो ते. बोंबील, मांदेली, कोलंबी. मीठ-मसाला घालायच्या आधी त्याचं काढून ठेवते.’

‘रोज?’

‘सोमवार, गुरुवार, शनवार सोडून. त्या दिवशी त्याचा उपास असतो.’

डॉक्टरांनी आधी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. ‘म्हणजे आठवड्यातले तीन दिवस हा उपाशी असतो?’

काकी खुर्चीतून उठल्या. ‘उपाशी? मना काय समजलीस? सकालचं दूध, साय घालून. दुपारला साबुदाण्याची खिचडी, बिनमिरचीची, वर तूप. संध्याकालचं रतालं, तेपन दुधात कुस्करून. झोपताना परत दूध. माझ्या घरात मुका जीव उपाशी राहील?’

डॉक्टरांनी हातातला पेन टेबलावर ठेवला. हे आधी का नाही सांगितलं, असं त्यांनी फार सांभाळून विचारलं. काकी तितक्याच सांभाळून म्हणाल्या, ‘तू खानं विचारलंस, बाय. उपासाचं कोन खान्यात धरतं?’

आता यात काकींची चूक काढायची तर माझ्या आईपासून सुरुवात करावी लागेल. तीही उपासाला दिवसभर खाऊन संध्याकाळी म्हणते की सकाळपासून पोटात काही नाही. आमच्याकडे उपासाचा फराळ पोटात जातो, पण मोजणीत येत नाही. शिवाय सेठ बिघडायचा तो मंगळवारी, शुक्रवारी आणि रविवारी, म्हणजे बरोबर मच्छीच्या दिवशी. त्यामुळे आम्ही सगळे शहाणे इतके महिने बोंबलावर संशय घेत होतो.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मोठ्या झालेल्या मांजराला दूध बहुतेक वेळा पचत नाही. त्यातून तूप, साय, साबुदाणा. आतडी आधीच सुजलीत, त्यांना विश्रांती मिळतच नाही. आता दूध बंद. उपासाचं बंद. बोंबीलही सध्या नको. नुसतं उकडलेलं चिकन, बिनमिठाचं, थोडं थोडं, दिवसातून तीन-चारदा, एक दिवसही खंड न पाडता. दोन महिने तरी. आणि सेठच्या मानेवरून हात फिरवत त्या म्हणाल्या की आता पुन्हा तसे जुलाब लागले तर याच्या अंगात सोसायला काही बळ उरलेलं नाही.

परतीच्या वाटेवर मांजर्लीच्या कमानीशी आल्यावर मागून आवाज आला, ‘श्रावन कवा लागतो रं?’ मी सांगितलं, अजून आहेत थोडे दिवस. टोपलीवरची त्यांची पकड घट्ट झाली असावी, कारण सेठ आतून कुरकुरला.

आधी पाकिटातलं खाणं आणून बघितलं. काकींनी पाकीट उलटसुलट बघितलं, वर मांजराचं चित्र होतं, कोंबडीचं नव्हतं, तेव्हा वाराच्या दिवशी चालवून घ्यायला त्या तयार झाल्या. सेठ तयार झाला नाही. त्यानं वास घेतला आणि ज्या पद्धतीनं घाण मातीनं झाकायची असते तसं फरशीवर पाय घासून त्या ताटलीला झाकायचा प्रयत्न केला.

मग उन्नतीनं तोडगा काढला. नेम घरातला आहे ना? घर उंबऱ्याच्या आत. जिना बिल्डिंगचा. तिच्या ऑफिसच्या रस्त्यावर एक खानावळ आहे, तिथला मालक बिनमिठाचं चिकन उकडून द्यायला तयार झाला. डबा आणायचा, दाराबाहेरच्या खिळ्याला टांगायचा आणि सेठला जिन्यात वाढायचं. वाराच्या दिवशी घरातल्या फ्रिजला त्या डब्याचा वारासुद्धा लागू द्यायचा नाही, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ ताजा डबा. काकी त्या वेळी देवघराकडे तोंड करून बसायच्या. सेठचं खाऊन झालं की ओल्या फडक्यानं त्याचं तोंड, चारी पाय आणि का कोण जाणे शेपूटही पुसायच्या आणि मगच त्याला उंबरा ओलांडू द्यायच्या. मी एकदा विचारलं, पोटात गेलेलं कसं पुसणार? काकी म्हणाल्या, ‘तुझं तरी कोन पुसतं?’

पण सेठ सुधारला हे खरं. उन्नती रेतीसाठी जाईना म्हणून मुकादमानं घर पुरं झालं का असं विचारलं म्हणे. सेठचे डोळे चमकायला लागले, तो पुन्हा खिडकीत बसून कबुतरांना शिव्या द्यायला लागला. आणि श्रावण लागला.

श्रावणातला पहिला सोमवार. दुसऱ्या दिवशी नागपंचमी, म्हणून उन्नती सकाळच्या गाडीनं ओतूरला माहेरी गेली. विनीत कामावर. माझी दुसरी पाळी, त्यामुळे डबा आणायचं काम माझ्याकडे होतं. मी खानावळीशी गेलो तर शटर खाली आणि वर पुठ्ठा: श्रावणी सोमवारनिमित्त बंद. हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. अख्ख्या गावाला नेम आहे आणि आम्ही मात्र समजत होतो की काकींनाच आहे.

मी रिकाम्या हातानं वर आलो तेव्हा काकींनी पूजेची तयारी केली होती. धुवट पातळ, केस ओले. पिंडीवर घालायचं दूध वाटीत काढलेलं, आणि त्या वाटीसमोर सेठ. त्यानं आदल्या संध्याकाळनंतर काही खाल्लं नव्हतं. तो ओरडत नव्हता, नुसता वाटीकडे बघून मग काकींकडे बघायचा, पुन्हा वाटीकडे. चार वर्षं त्याला शिकवलेलं होतं की सोमवारी हे मिळतं.

मी म्हणालो, मी कच्चं आणून देतो. काकींनी विचारलं, ‘आनशील. शिजवशील कुटं?’ आमच्या घरी आईचा श्रावण. बिल्डिंगमध्ये त्या महिन्यात चिकन शिजवणारी घरं असतीलही, पण ती खिडक्या लावून शिजवतात आणि विचारलं तर नाही म्हणतात. मी म्हटलं, खाली कुठेतरी चूल मांडतो. ‘येतं तुला?’ मॅगी येते, असं मी खरं ते सांगितलं.

काकींनी दुधाची वाटी उचलून देवघराच्या वरच्या फळीवर ठेवली. समईकडे थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या. मग वात न लावताच काडेपेटी कनवटीला खोचली, एक जुनं जर्मनचं पातेलं काढलं, छत्री घेतली आणि खाली उतरल्या. मी मागोमाग यायला लागलो तर म्हणाल्या, ‘तू सेठला धर. जिन्यात घसरंल तो.’

कोपऱ्यावरच्या चिकनवाल्यानं मला नंतर सांगितलं की त्याला आधी वाटलं, बाई दुकान बंद करा म्हणून सांगायला आल्यात. कपाळाला भस्म, हातात पातेलं. तो आपणहून म्हणाला, मावशी, पडदा लावलाय ना. काकी म्हणाल्या, पडदा सार आणि दे, हाडाशिवाय.

बिल्डिंगच्या मागे, नदीच्या बाजूला, पंपाच्या खोलीला टेकून त्यांनी तीन विटा मांडल्या. वरून रिपरिप चालू होती. मी सेठला काखेत धरून पंपाच्या खोलीच्या पत्र्याखाली उभा होतो. काकींनी नळावर मांस धुतलं. इतक्या वर्षांच्या श्रावणात पहिल्यांदा त्यांचा हात लागला असेल, पण धुण्याची पद्धत तीच, बोटांनी चोळून, दोन पाण्यांतून. चूल काही पेटेना. एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातानं फुंकणं काही जमत नाही. छत्री धरली तर जाळ विझतो, सोडली तर भिजतो.

तेवढ्यात मागची खिडकी उघडली. बनूबाई. आधी त्यांना धूर दिसला, मग पातेलं, मग पातेल्यातलं.

‘सगुणे,’ त्या म्हणाल्या, ‘आज वार कोनचा हाय?’

‘सोमवार.’

‘महिना?’

‘सगलं ठावं हाय मना, बने.’

खिडकी बंद झाली. मला वाटलं, झालं, आता दुपारपर्यंत हे बदलापूर ओलांडून वांगणीपर्यंत जाणार. पण बनूबाई मागच्या दारानं बाहेरच आल्या. कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि सुरू झाल्या. लोकांची पोरं आजारी पडतात तरी कुणी नेम मोडत नाही. बोक्यासाठी काय ही तऱ्हा. ज्या देवानं विनीत दिला त्याच्या वाराला हे. उद्या काही झालं म्हणजे?

विनीतचं नाव आलं तसं काकींनी फुंकणं थांबवलं.

‘बोललेली कोन? मी,’ त्या म्हणाल्या. ‘विनीत नाय बोलला. ह्यो मुका तर नायच नाय. देवाला हिशेब करायचा तर माझ्याशी करील. संध्याकाली जाते अंबरनाथला, समोर उभी राहते, सांगते. पन याला आता भूक लागलीय.’

बनूबाईंचे कमरेवरचे हात खाली आले. हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. मग त्यांनी वाकून काकींच्या हातातली छत्री घेतली आणि चुलीवर धरली. त्या स्वतः भिजायला लागल्या, काकीही भिजत होत्या, चूल मात्र कोरडी राहिली. आणि बनूबाईंचं बोलणं पुन्हा सुरू झालं, तेच, तितकंच कडक: अशी बाई बघितली नाही, डोकं ठिकाणावर आहे का, विटा अशा मांडतात का, आधी वारा कुठला ते बघावं, पाणी जास्त झालंय, त्याला सूप पाजायचंय का.

चिकन शिजलं. काकींनी बोटांनी त्याचे धागे धागे केले, एकेक फुंकून निववला. मी सेठला खाली सोडलं. तो आधी तिथेच घुटमळला. सोमवारी, काकींच्या हातून, हे त्याच्या शिकवणीत बसत नव्हतं. त्यानं काकींच्या तोंडाकडे बघितलं.

‘खा रे साईं,’ काकी म्हणाल्या. ‘खा.’

मग तो खायला लागला आणि थांबेना. बनूबाईंनी छत्री चुलीवरून काढून त्याच्यावर धरली.

मला कंपनीची बस गाठायची होती, मी निघालो. कपडे बदलून खाली आलो तेव्हा काकी नळाखाली कोपरापर्यंत हात चोळून धूत होत्या आणि बनूबाई विचारत होत्या, अंबरनाथला संध्याकाळी कशाला, गर्दी होते, आत्ताच निघू. काकी म्हणाल्या, आधी आंघोळ करते, मग पूजा, मग निघू. बनूबाई म्हणाल्या, कर, पण लवकर कर. देवासमोर मी एकटी उभी राहून सांगेन, असं काकी म्हणायच्या आत बनूबाई साडी बदलायला घरात गेल्यासुद्धा.